शेऱ्याचा रकाना

आमचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा मी चौथीत होते. रामनगरच्या वसाहतीत प्लॉट मिळाले ते कागदावरच्या क्रमानं. त्यामुळं गावात ज्यांच्या कोंबड्या आमच्या अंगणात यायच्या, ते वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि ज्यांची तोंडं आम्ही फक्त जत्रेत पाहायचो, ते भिंतीला भिंत लावून आले. आईला हे फार दिवस उमजलंच नाही. बोलता बोलता ती म्हणायची, "जा, समोरून विरजण आण." आणि समोर असायचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज.

मला विसरण्याची भीती वाटायची. कोणाचं घर कोणाशेजारी, पाणंद कुठून वळायची, नदीवर बायकांचा दगड कोणता आणि पुरुषांचा कोणता, हे मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायला लागले. पुढं दहावीनंतर शिवण शिकले, घरीच ब्लाऊज शिवायला बसले, तेव्हा या लिहिण्याला खरा वेग आला. माप देताना बाई हात वर करून उभी असते. तिला कुठं जाता येत नाही, म्हणून ती बोलते. माझ्याकडं सगळी वसाहत माप द्यायला यायची.

वह्या पुरेनात. शिवाय वहीत एकदा लिहिलं की ते तिथंच अडकतं. एका घराची हकीकत चार ठिकाणी पडलेली असते आणि ती एकत्र आणता येत नाही. मग मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून पत्ते केले. एका पत्त्यावर एकच गोष्ट, खाली सांगणाऱ्याचं नाव. चप्पलच्या दुकानातून रिकामी खोकी आणली आणि घरागणिक पत्ते त्यात उभे लावले. पत्त्याच्या कोपऱ्यात सुईनं दोरा ओवायचा: कागदपत्रातून मिळालेलं असेल तर निळा, तोंडी असेल तर तांबडा, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नसेल तर पिवळा. दोरे माझ्याकडं भरपूर होते.

हे सगळं मन लावून ऐकणारा घरात एकच माणूस होता, माझा थोरला भाऊ. मी त्याला अण्णा म्हणते. तो बेळगावात डिप्लोमा करून तिथंच एका कंप्युटर क्लासात शिकवायला लागला होता. सुट्टीत घरी आला की माझ्या खोक्यांपुढं मांडी घालून बसायचा. बाकीचे हसायचे. आई म्हणायची, "बुडलेल्या गावाचं काय लिवालीस? जित्या माणसांचं कापड शिवून दे आधी." अण्णा कधी हसला नाही. एका सुट्टीत पत्ते चाळता चाळता तो म्हणाला, "बाय, हे सगळं मशीनवर घालूया. तू रविवारी ये. क्लास बंद असतो."

नव्वदीची पहिली काही वर्षं उलटली होती. रविवारी पहाटेची बस धरून लोंढा, खानापूर करत मी बेळगावला जायची. पिशवीत एक खोकं आणि दोघांपुरती भाकरी. क्लासात पायातली चप्पल बाहेर काढावी लागे. पडदे ओढलेले असत. मशीनच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत.

अण्णानं पहिल्याच रविवारी रकाने पाडून दिले. "ही एक ओळ म्हणजे तुझा एक पत्ता," तो म्हणाला. "घर, जागा, शेजार, देवळातला मान, कोणी सांगितलं, आणि हा शेवटचा, शेरा."

"शेरा म्हणजे?"

"तुझा पिवळा दोरा. दोघांचं पटत नसेल, तुला शंका असेल, कोणी काही हळूच सांगितलं असेल, ते इथं. बाकीच्या रकान्यांना माप आहे. याला नाही, कितीही लिही. म्हणून मशीन शेरे वेगळ्या फायलीत ठेवतं. दोन्ही फायली नेहमी बरोबर न्यायच्या. एक राहिली तर दुसरी आंधळी."

मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावं लागायचं. 'विहीर' मी कधी एका तऱ्हेनं लिहायची, कधी दुसऱ्या, आणि मशीनला त्या दोन वेगळ्या वस्तू वाटायच्या. मग आम्ही कोणता शब्द कसा लिहायचा याची यादी करून भिंतीला चिकटवली. मी बोटं शोधत टाइप करायची, तो शेजारी बसून भाकरी खायचा आणि चुका दाखवायचा.

एकदा त्यानं मला शोधायला शिकवलं. म्हणाला, "कुठलाही शब्द घाल." मी 'उंबर' घातला. एकापाठोपाठ ओळी यायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं म्हैस उंबराखाली व्याल्याचं सांगितलं होतं. एका जुन्या पत्रिकेवर लग्नाचं ठिकाण 'उंबराजवळ' असं छापलं होतं. एका जमिनीच्या उताऱ्यात हद्द म्हणून उंबराचं झाड होतं. एक बाई म्हणाली होती की सासूशी भांडून ती रडायला उंबराकडं जायची. हे सगळं मी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांकडून लिहून घेतलं होतं आणि वेगवेगळ्या खोक्यांत ठेवलं होतं. एकत्र वाचल्यावर कळलं की हे एकच झाड आहे. कुठं उभं होतं तेही कळलं. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. अण्णा माझ्याकडं बघून हसत होता. त्या दिवशी मला वाटलं होतं, असा भाऊ कोणाला नसेल.

याच दिवसांत माळावरची मावशी माझ्याशी बोलली.

गावात माळावर राहणारं घर म्हणून त्यांना सगळे माळावरचे म्हणायचे, आणि आम्हाला नदीकाठचे. मावशी नात्यानं माझी कोणी नव्हती. वयानं आईहून मोठी, विधवा, पुतण्याच्या घरात राहायची. ती फारशी कोणाकडं जात नसे. माझ्याकडं मात्र माप द्यायचं निमित्त नसतानाही यायची आणि मी ब्लाऊजची काजं करताना नुसती बघत बसायची. एकदा आई बाजारात गेली होती, तेव्हा ती म्हणाली, "जत्रेचा पैला नारळ कुनाचा, ते लिवलंस का गं?"

देवीच्या जत्रेत पहिला नारळ हातात धरून पालखीपुढं चालायचा मान आमच्या घराचा, हे मी जन्मापासून ऐकत आले होते. मी तसं सांगितलं.

"न्हाई," मावशी म्हणाली. "तो मान आमचा. माज्या सासऱ्याला जत्रेच्या तोंडावर साप चावला. पाय असा सुजला, हांथरुणावरनं उठाय येईना. त्यानंच तुज्या आज्याला बोलावून घेतलं आनि म्हनाला, यंदापुरता धर. पुढल्या जत्रेच्या आत सासरा गेला. माजा घरधनी तवा ल्हान पोर. तुज्या आज्यानं धरला तो धरलाच. मी लगीन हून आले, तवा सासूनं मला सांगितलं. मी कुनाला सांगितलं न्हाई."

"मग मला का सांगालीस?"

"तू खोडत न्हाईस म्हनून. तुला जे सांगतील ते तू तसं लिवतीस, मी बघितलंय. लिव. पर तुज्या आईच्या कानावर घालू नको, तिला वाईट वाटंल."

मी ते लिहिलं, तिचेच शब्द ठेवून. मग ताडून बघायला हवं म्हणून एक दिवस कुंभारवाडा नावाच्या आडगावी गेले. गावचा जुना गुरव गाव बुडाल्यावर तिकडं मुलीकडं जाऊन राहिला होता. दिवसातून कधीतरी एक बस जायची, ती चुकली तर रात्र तिथंच. म्हातारा खळ्यावर बसला होता. मी नारळाचं विचारल्यावर तो लगेच म्हणाला, "माळावरच्यांचा. व्हय, व्हय, साप चावला हुता त्याला. तुजा आजा यंदापुरता म्हनून उभा ऱ्हायला, मीच त्याच्या हातात दिला की नारळ." त्यानं मला फणसाचे गरे दिले आणि बस येईपर्यंत सोबत बसला.

पुढच्या रविवारी मशीनवर 'पहिला नारळ' या ओळीत मानाच्या रकान्यात मी 'नदीकाठचे' लिहिलं, कारण जुन्या गावात प्रत्यक्षात तसं चालत आलं होतं, आणि शेऱ्यात तिन्ही हकीकती लिहिल्या. मावशीची, गुरवाची, आणि आईकडून ऐकलेली आमच्या घराचीही. अण्णानं शेजारी बसून वाचलं. नंतर म्हणाला, "खोकी इथंच ठेव. मी पत्ते आणि मशीन पडताळून बघतो. चुका राहायला नकोत." मला ते पटलं. मी सगळी खोकी हळूहळू बेळगावला नेऊन ठेवली.

देवीचा पाषाण गाव सोडताना बाबांनी ट्रकातून आणला होता. तेव्हापासून तो पत्र्याच्या शेडमध्ये होता. बाबा वारल्यानंतर देऊळ बांधायची बोलणी सुरू झाली, कमिटी झाली, आणि अण्णा शिकलेला म्हणून त्याला सेक्रेटरी केलं. देऊळ म्हटल्यावर मानपानाचा प्रश्न आलाच. पत्र्याच्या शेडमध्ये कोणी मान मागितला नव्हता. ज्याला सवड तो नारळ फोडायचा. आता मात्र घराघरांतून जुने हक्क निघायला लागले. जाणती माणसं बरीचशी गेली होती. कोणीतरी म्हणालं, त्या शिंपीणबाईनं सगळं लिहून ठेवलंय. अण्णा म्हणाला, "आता ते कंप्युटरवर आहे. छापून आणतो."

बैठक शेडमध्येच झाली. पुरुष पुढं, बायका मागं. अण्णानं दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद आणला होता, घडीवर घडी. कोणीतरी एक टोक धरलं, तो उलगडत गेला आणि लोक अचंब्यानं बघत राहिले. अक्षरं इंग्रजी, त्यामुळं तिथं बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ती वाचता येत होती. अण्णाच वाचून दाखवत होता. घर, जागा, मान. घर, जागा, मान. स्वतःचं घर आलं की माणसं माना डोलवत. एका आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू.

"पहिला नारळ. नदीकाठचे," अण्णानं वाचलं आणि तो पुढच्या ओळीवर गेला.

मला वाटलं, शेरे शेवटी वाचणार असेल. पण कागद संपला. मी मागून हळूच विचारलं, "अण्णा, शेरे?"

"अगं, ती फाईल राहिली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "शेरे वेगळ्या फायलीत असतात. कॉपी करताना फ्लॉपी खराब झाली. बाकी सगळं आलंय."

मी विश्वास ठेवला. त्यानंच मला शिकवलं होतं, एक राहिली तर दुसरी आंधळी. मला वाईट वाटलं ते त्याच्यासाठी, एवढी मेहनत करून असं झालं म्हणून. पत्ते तर आहेतच, पुन्हा टाइप करू, असंही मी मनाशी ठरवून टाकलं.

तेवढ्यात मावशीचा पुतण्या उठला. "पैला नारळ आमचा," तो म्हणाला. "आमच्या घरात तसं बोलतात. माजा आजा धरायचा."

अण्णा शांतपणे म्हणाला, "तुमच्या आजोबांना साप चावला होता. पाय सुजला होता. त्यांनी स्वतः आमच्या आजोबांना घरी बोलावून नारळ हवाली केला. मान तुम्हीच सोडलात. आणि हे मी पदरचं सांगत नाही, तुमच्याच घरातून सांगितलेलं आहे."

पुतण्यानं वळून मावशीकडं बघितलं. मावशीनं माझ्याकडं बघितलं.

साप, सुजलेला पाय, घरी बोलावणं: हे फक्त शेऱ्यात होतं. दुसऱ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. आमच्या घरात कोणालाही ते ठाऊक नव्हतं. म्हणजे फाईल राहिली नव्हती. त्यानं ती वाचली होती, हवं तेवढं घेतलं होतं आणि 'यंदापुरता' हा एक शब्द गाळला होता.

मी उभी राहिले. बायकांमधून तोवर कोणी बोललं नव्हतं. "यंदापुरता धर म्हणाले होते," मी म्हणाले. "सोडला नव्हता मान. मी तसं लिहिलंय."

अण्णा माझ्याकडं बघून हसला. मशीनवर 'उंबर' शोधला त्या दिवशी हसला होता, अगदी तसाच. "बाय, लिहिलंय तर दाखव की. कुठं आहे?"

पत्ते त्याच्याकडं होते. शेरे त्याच्याकडं होते. माझ्याकडं शिवणाची कात्री होती.

कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ समजुतीनं म्हणाले, "बस पोरी. कंप्युटरात न्हाई म्हंजे न्हाई. तुज्याच घराला मान मिळालाय की. रडतीस कशाला?"

घरी आल्यावर आईनं देवापुढं साखर ठेवली होती. अण्णा जेवायला बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

"तू खोटं बोललास."

"एक अक्षर खोटं नव्हतं त्यात," तो म्हणाला. "साप चावला हे खरं, नारळ दिला हे खरं, आपण धरत आलो हे खरं."

"शेरे कुठं आहेत?"

त्यानं घास गिळला. "बाय, लोकांना एक उत्तर लागतं. तू एकेका गोष्टीची तीन तीन उत्तरं ठेवतेस. ते वाचायला छान आहे, त्यावर देऊळ बांधता येत नाही. बाबांनी तो पाषाण आणला. ट्रकमागं धावपळ कोणी केली? माळावरच्यांनी? मग पहिला नारळ दुसऱ्यानं धरलेला मी बघत बसू?"

"मग तसं सांगायचं होतंस. बाबांनी आणला म्हणून आम्हाला द्या, असं म्हणायचं होतंस. माझ्या लिहिण्यातून कशाला काढलंस?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. आई म्हणाली, "घरचा मान घरात ऱ्हायला. तू उद्या लगीन करून जानार. तुला काय करायचंय त्याचं?"

खोकी मागितली तेव्हा कळलं, क्लासची जागा बदलली होती आणि सामानाच्या हलवाहलवीत ती 'कुठंतरी गेली' होती. मी नंतर बेळगावला जाऊन नव्या जागेत स्वतः बघितलं. शब्दांची यादी तेवढी कोणीतरी भिंतीवरून सोडवून नव्या भिंतीला लावली होती. खोकी नव्हती.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मावशी आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच थांबली. "माजं कापड दे," म्हणाली. तिचा हिरवा खण मी बेतून ठेवला होता, कापायचं बाकी होतं.

"मावशी, मी त्याला असं करायला सांगितलं नव्हतं."

"कापड दे."

मी घडी करून दिलं. तिनं ते उलगडून बघितलं, मी काही कापून तर ठेवलं नाही ना म्हणून, आणि ती निघून गेली. तिला एवढा अविश्वास वाटावा, याचं मला त्या बैठकीपेक्षाही जास्त लागलं.

मग मी पुन्हा कुंभारवाड्याला गेले. गुरव जिवंत होता, त्यानं स्वतःच्या हातानं नारळ दिला होता. तो एकदा कमिटीपुढं येऊन बोलला असता तर सगळं मिटलं असतं. बसमध्ये मी काय बोलायचं ते जुळवत गेले. म्हातारा त्याच खळ्यावर होता. माझं ऐकून घेताना तो सुपारी कातरत राहिला.

"माजं नाव घातलंस त्यात?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत. सांगणाऱ्याचं नाव लिहितेच मी."

"मी असं कवा म्हनालो न्हाई."

"आजोबा, इथंच बसून सांगितलंत. गरे दिलेत मला."

"गरे दिले असतील. तसं म्हनालो न्हाई." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुजा भाऊ येऊन गेला परवा. नव्या देवळात पूजेला माज्या थोरल्याला ठेवतो म्हनालाय. म्हाताऱ्याला ह्यात ओढू नको बाळ."

त्याच्या मुलीनं चहा आणला. मी तो तिथंच ठेवून उठले. परतीची बस यायला बराच वेळ होता, म्हणून फाट्यापर्यंत चालत गेले. वाटेत भाताच्या शेतांत बायका तण काढत, बेणणी करत होत्या. एकीनं विचारलं, "कुनाच्यात आली हुतीस गं?" मी तिलाच बसची वेळ विचारली.

त्यानंतर कोणी मला काही सांगेना. मापाला बायका यायच्या, पण हात वर करून गप्प उभ्या राहायच्या. मीच कधी जुनं काही विचारलं तर म्हणायच्या, "तुज्या भावाच्या कंप्युटराला इचार की." मी त्यांना दोष देत नाही. पण ज्या कामात मी माझी उमेदीची वर्षं घातली, ते माझ्याच माणसानं माझ्यासमोर असं मोडलं, आणि गावानं ते मोडणं माझ्या नावावर लिहिलं, हे मला त्या वेळी गिळता येत नव्हतं. आजही नीटसं येत नाही.

देऊळ झालं. पहिल्या जत्रेत अण्णानं कोरं धोतर नेसून नारळ धरला. मी ताप आल्याचं सांगून घरी राहिले. माळावरच्यांतलं कोणी आलं नाही असं आईनं सांगितलं.

पुढच्या वर्षी खानापूरकडचं स्थळ आलं आणि माझं लग्न ठरलं. अण्णानं सगळं केलं. मांडव, आचारी, पाहुण्यांच्या गाड्या, पत्रिकासुद्धा त्यानंच कंप्युटरवर छापून आणल्या, मराठी अक्षरांत. आता मराठी यायला लागलं होतं. त्यानं मला पत्रिका दाखवली आणि म्हणाला, "बघ, किती सुंदर आलंय." खरंच सुंदर होती. मी हो म्हणाले. त्या विषयावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. भाऊबीजेला तो येतो, मुलांना खाऊ आणतो, मी ओवाळते.

लग्नाला मावशी येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. बायका ओटी भरत होत्या, त्यांच्यामागं आपली पाळी येईपर्यंत उभी राहिली. विधवेनं ओटी भरायची नसते, तरी तिला कोणी अडवलं नाही. पुढं आली तेव्हा तिनं मला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ आणि नारळ घातला. अंगात त्याच हिरव्या खणाची चोळी होती, दुसऱ्या कोणाकडून शिवून घेतलेली, खांद्यावर किंचित ओढलेली. ती माझ्या कानाशी वाकली. मला वाटलं, आशीर्वाद देईल.

"सासरी कुनाचं काय लिवून घेऊ नको," ती म्हणाली.

मागच्या बाईनं पुढं सरकायची घाई केली. मावशी बाजूला झाली आणि जेवायला न थांबता गेली.